शरयूताईंचं दुसरं स्टूल

ओंकारचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला जायला प्लॅटफॉर्मवर उभी होते. "मावशी, आई गेली... पहाटे," एवढंच तो म्हणाला. तेवढ्यात गाडी आली, दार उघडलं आणि मी सवयीने आत चढले. पुढच्या स्टेशनवर उतरून मागे फिरावं, हेसुद्धा मला सुचलं नाही. सहा आठवडे झाले, पण माझी ती घाई मला अजून डाचते.

शरयूताई इथे जपानमध्ये, हिगाशी-कसाईला आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहायच्या. धातूंवर संशोधन करायला पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याहून आल्या, निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा ओंकार बंगळूरला स्थिरावला, तरी त्या इथेच राहिल्या. मी सॉफ्टवेअरवाली, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. पण भटकायची आवड दोघींना, त्यामुळे आमचं मेतकूट छान जमलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही कंबोडियाला गेलो, खमेर राजांची जुनी देवळं बघायला. मी एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं होतं : आठ वाजून सात मिनिटांनी टुकटुक रिक्षा, तीन दिवसांत एकोणीस देवळं. ताईंनी चष्मा वर सरकवून ते नीट वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, टुकटुक आहे ती, सेकंदावर धावणारी शिंकान्सेन गाडी नव्हे!" त्यांची स्वतःची तयारी म्हणजे शंभर येनच्या दुकानातून आणलेली दोन घडीची स्टुलं. "एक माझं, एक तुझं." मी म्हटलं, "बसायला वेळ कुठाय, ताई?"

पहिल्याच सकाळी अंकोरवाटच्या ओवरीत समुद्रमंथनाची भिंत लागली. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, आणि मध्ये ताणलेला वासुकी... आमच्या इमारतीच्या व्हरांड्याहून लांब. ताईंनी दोन्ही स्टुलं उघडली आणि एकावर बसल्या. पाच मिनिटांत माझे फोटो काढून झाले. "चला," मी म्हटलं.

"तू जा. मला आज ही एकच भिंत पुरे."

मला रागच आला. "मग एवढ्या लांब आलात कशाला?" असं म्हणून मी तोंड फुगवून निघून गेले. बायोनचे दगडी चेहरे, झाडांच्या मुळांनी विळखा घातलेलं ता प्रोम, आणखी तीन देवळं, सगळं अगदी वेळेत उरकलं. चारला परत आले, तर ताई तिथेच. शेजारचं स्टूल उघडंच होतं, त्यावर त्यांची पाण्याची बाटली. "सकाळी ऊन होतं ना, तेव्हा हे सगळे कसे जोर लावून ओढत होते. आता सावली आली, तर दमल्यासारखे दिसतायत बघ. बस की जरा, दाखवते."

मी घड्याळ बघितलं. "टेकडीवरचा सूर्यास्त चुकेल, ताई." त्या हसल्या, दोन्ही स्टुलं मिटली आणि निमूट माझ्यामागे आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताई आजारी पडून हॉस्पिटलमध्ये होत्या, तेव्हाही मी अंगातला कोट न काढता उभीच राहिले. ऑफिसात रिलीज होतं. "बस की जरा," त्या म्हणाल्या. "रविवारी येते, निवांत," मी म्हटलं. तो बुधवार होता. शुक्रवारी पहाटे त्या गेल्या.

त्या सहलीचे हजारभर फोटो माझ्याकडे आहेत. परवा बघायला घेतले, तर कुठलं देऊळ कुठलं ते ओळखू येईना. लख्ख आठवते ती फक्त ती भिंत, आणि तिच्यासमोर पाठमोऱ्या बसलेल्या ताई. तो फोटो मी काढलेलाच नाही.

घर रिकामं करायला ओंकार आठवडाभर थांबला होता. इथे मोठ्या वस्तू टाकायच्या तर आधी नोंदणी करून कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, स्टिकर आणावे लागतात. त्याला जपानी येत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. टेबल, कपाट, पुस्तकांची मांडणी... ताईंच्या एकेका वस्तूवर मी स्टिकर लावत होते. तेवढ्यात त्याने कपाटातून दोन स्टुलं ओढून काढली. एकाचं कापड बसून बसून पार सैल झालेलं, दुसऱ्याला दुकानाचं लेबल तसंच.

"मावशी, हे तर कोरंच दिसतंय. यालाही लावायचा स्टिकर?"

"नको," मी म्हटलं, "ते माझं आहे." आणि मग मला रडू आवरेना.

दोन्ही स्टुलं मी घरी आणली. काल शनिवार होता. दुपारी बाल्कनीत दोन्ही उघडून ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्या स्टुलावर बसले. समोर पलीकडच्या इमारतीची नुसती भिंत, तिच्यावर ऊन होतं. ते सरकून सावली येईपर्यंत मी उठले नाही.