कुलूप फोडणारी

शिलाई कारखान्यातल्या बायका तिला खमकी म्हणत. कामावरून काढलं तेव्हाही ती गेटवर रडली नाही. उलट वॉचमनलाच म्हणाली, "डबा राहिलाय आत, आणून द्या."

झालं होतं असं. कापड चोरीला जातं म्हणून मालकांनी मागच्या दाराला कुलूप ठोकलं. एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाजवळ वायर जळाली नि हॉल धुराने भरला. मॅनेजर म्हणाला, "किल्ली मागवलीय, थांबा." ती सुपरवायझर. थांबते कसली! हातोडी उचलली नि कुलूप फोडलं. बायका खोकत बाहेर पडल्या. आग किरकोळ निघाली, शिस्तभंगाचा ठपका मात्र हिच्यावर आला.

आता दुसऱ्या कारखान्यात मुलाखत होती. धाकटी नणंद एका ऑफिसात नोकरभरतीचंच काम बघायची. तिने ओट्याला टेकून तयारी सुरू केली.

"सांगा, वरिष्ठांशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत?"

"कुलूप फोडलं."

"अगं वहिनी, असं नसतं बोलायचं! सगळं क्रमाने सांगायचं, आणि म्हण, शांतपणे चर्चा करून मार्ग काढला."

"धुरात चर्चा?"

"नोकरी हवी ना तुला?"

हवी तर होतीच. एकट्या नवऱ्याच्या पगारात घराची ओढाताण चालली होती. भांडी घासताना तिने ते गोड उत्तर घोकून पाहिलं, पण 'चर्चा'पाशी जीभ अडायचीच. शेवटी तिने नळ बंद केला.

"काय घडलं, मी काय केलं, पुढे काय झालं, तू म्हणतेस तसं क्रमाने सांगेन. पण घडलं तेच सांगेन."

नणंदेने कपाळावर हात मारून घेतला.

मुलाखतीत तो प्रश्न आलाच. तिने पाल्हाळ न लावता सगळं सांगितलं. समोरच्या बाईंनी चष्मा काढला.

"आमच्याकडेही असंच वागाल?"

"तशी वेळ आणलीत तर वागेन."

"मग सुपरवायझर नको. आधी मदतनीस म्हणून या, बघू."

"माझ्या हाताखाली शिकलेल्या बायका आज सुपरवायझर आहेत," ती उठत म्हणाली. "मी खालच्या जागेवर येणार नाही."

घरी आल्यावर हे ऐकून नणंदेने अबोलाच धरला. त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. जागा सुपरवायझरचीच होती.

"नशीब तुझं," नणंद पुटपुटली.

"नशीब कसलं? त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

आणि ती साडीला इस्त्री करायला बसली.