चापानाच्या पाठीवरची पट्टी

आक-जार गावात अनारकुलकडे पोराचा कोट शिवायला टाकला, की तो पाठीवर चकाकती पट्टी लावूनच परत येतो. कुणी कुरकुर केली, "ताई, शाळेचा कोट आहे गं, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्याचा नव्हे," तर ती मान वर न करता म्हणते, "मग दुसरीकडे शिव." दुसरीकडे शिवणारं गावात कुणी नाही.

पट्ट्यांचे गुंडाळे, तालमीतल्या गाद्या आणि दर शरदात होणाऱ्या मुलांच्या कुस्त्या, हे सगळं 'उलुकमान निधी'तून चालतं. निधी म्हणजे अनारकुल, तिचं शिवणयंत्र आणि परदेशी कामाला गेलेल्या गावकऱ्यांना आठवण झाली तर ते जे पाठवतील ते. उलुकमान तिचा मुलगा. तालीम महामार्गापलीकडे, लोकरीच्या जुन्या कोठारात. चीनकडून येणारे ट्रक त्या उतारावर वेग घेतात. एका हिवाळी संध्याकाळी उलुकमान कुस्तीचे बूट गळ्यात अडकवून घरी निघाला होता, आणि खडीच्या खाणीचे मालक तुर्गुनबाय यांच्या मुलाची काळी जीप उतारावरून आली.

"पोर गडद कोटात होतं, दिसलं नाही," असं त्या मुलाने सांगितलं आणि चौकशीला आलेल्या माणसाने मान डोलावली. कोट अनारकुलनेच शिवला होता. गडद निळा, मळखाऊ.

तरीही खटला उभा राहिला असता. पण घोडी आडवी आली.

मातीच्या दिवशी अंगणात तंबू उभारला होता. आत बायका भिंतीकडे तोंड करून आक्रोश करत होत्या, बाहेर दीर सागिनबेक येणाऱ्यांना सामोरा जात होता. नवरा रशियात बांधकामावर, विमानाच्या वाटेवर. अशा दिवशी सोयरे जनावरं घेऊन येतात, आणि दावं हातात आलं की कुणी 'कुणाकडून' म्हणून चौकशी करत बसत नाही. तो हलकटपणा समजतात. एका माणसाने कपाळावर पांढरा ठिपका असलेली तपकिरी घोडी आणली, "खाणीकडून" एवढंच म्हणाला. सागिनबेकचा मावसभाऊ खाणीत कामाला. सागिनबेकला वाटलं, कामगारांनी मिळून पाठवली. घोडी कापली, शिजवली, आल्यागेल्याला वाढली. जावेने अनारकुलच्या तोंडातही बळेच एक तुकडा कोंबला होता. तिला चवसुद्धा कळली नव्हती.

पुढे गावातले म्हातारे तुर्गुनबायना घेऊन आले तेव्हा ती घोडी कुणाची ते कळलं. गुन्हेगाराच्या घरचं जनावर खाल्लं, म्हणजे तडजोड झाली. आता कोर्टकचेरी करणं म्हणजे स्वतःच्या ताटात थुंकणं, असं म्हाताऱ्यांनी समजावलं. नवऱ्याने सही केली आणि बर्फ वितळायच्या आत पुन्हा रशियाला गेला. तिथून तो फार बोलत नाही.

यंदा कुस्त्यांच्या आधी म्हातारे मांबेताली काठी टेकत आले. मागून सागिनबेक, खाली मान घालून.

"सूनबाई, चांगली बातमी आहे. तुर्गुनबाय नवी तालीम बांधून देतो म्हणतोय. गावाच्या बाजूला, शाळेला लागून. पोरांना रस्ता ओलांडायलाच नको."

अनारकुलने चहा ओतला. अर्धा पेला, रीतीप्रमाणे, पाहुण्याने पुन्हा मागावा म्हणून.

"आणि?"

"आणि काय? कुस्त्यांच्या दिवशी त्याला मानाच्या जागी बसवायचं. चापान, मानाचा झगा, घालायचा अंगावर, सगळ्यांसमोर."

"घाला की. तुमच्या हाताला काय झालंय, आजोबा?"

"माझा हात कशाला? तुझा हवा. तो म्हणतो, आईने घातलं तर लोकांची तोंडं बंद होतील. लोक अजून बोलतात म्हणे."

"बोलतात? मला वाटलं, घोडीबरोबर तेही गिळलं सगळ्यांनी."

"वहिनी," सागिनबेक पुटपुटला.

"तू गप्प बस. एकदा न सांगता खाऊ घातलंत, आता सांगून घालताय. तेवढा फरक आहे, मान्य."

मांबेतालींनी पेला खाली ठेवला. "माझे दोन नातू रोज तो रस्ता ओलांडतात, सूनबाई. मी खिडकीत बसून असतो, ते परत दिसेपर्यंत. तुझा मान राखायचा की त्यांचे जीव, ते तूच सांग."

म्हातारा लबाड होता, पण खिडकीचं खोटं नव्हतं. तिने ती खिडकी पाहिली होती. पडद्याची एक कड त्याच्या बोटांनी काळी पडली होती.

"झगा मी शिवीन," ती म्हणाली. "बाजारातला नको."

काळं मखमल तिने निवडून आणलं. काठांवर सोनेरी शिंगांची नक्षी काढली, इतकी नाजूक की सागिनबेकला बघवेना. "त्या माणसासाठी एवढं?" ती सुईत दोरा ओवत राहिली. नक्षी संपली तेव्हा तिने झगा पालथा घातला आणि पाठीवर, खांद्यापासून खांद्यापर्यंत, पट्टीचा रुंद तुकडा लावला.

कुस्त्यांच्या दिवशी तुर्गुनबाय वेळेवर आले, चांगले बोलले, हरलेल्या पोरांच्याही पाठीवर थाप मारली. ते वाईट माणसासारखे दिसत नव्हते आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. दिवस कलताना शेवटचा पुकारा झाला आणि ती झगा घेऊन पुढे आली. तुर्गुनबायनी बाहीत हात घालता घालता पाठीकडे नजर टाकली.

"हे काय लावलंय?"

"पोरांना लावते तेच."

"पोरांचं ठीक आहे. मखमलावर बरं दिसतं का हे?"

"दिसावं म्हणूनच लावते, मालक."

कोपऱ्यातून एक बाई फसकन हसली आणि तोंडावर पदर ओढावा तसा रुमाल ओढून गप्प झाली. मैदानभर पोरं त्याच पट्ट्या मिरवत उभी होती. त्यांच्यासमोर ती काढा असं म्हणणं जमण्यासारखं नव्हतं. तुर्गुनबायनी दुसरा हात घातला. अनारकुलने त्यांचे खांदे सारखे केले, गिऱ्हाइकाचे करते तसे. म्हाताऱ्यांनी तळवे तोंडावरून फिरवून आशीर्वाद दिला. टाळ्या पडल्या. सागिनबेक रडत होता. तिला रडू आलं नाही. तालीम शाळेला लागूनच होईल, हे तुर्गुनबायनी सगळ्यांसमोर, मोठ्याने, दोनदा म्हटलं होतं. झगा घालण्याआधी तिने ते वदवूनच घेतलं होतं.

अंधारू लागलं. पाहुणे रस्त्याच्या कडेला निरोप घेत रेंगाळले. तुर्गुनबाय पलीकडच्या कुणाला तरी हात करत, गप्पांच्या भरात, डांबरावर उतरले. वळणावरून गाडीचे दिवे आले. तीच काळी जीप. मुलगा बापाला न्यायला येत होता, नेहमीच्याच वेगाने. झोत पाठीवर पडला आणि तुर्गुनबाय खांद्यापासून खांद्यापर्यंत उजळले, पांढरे, लांबूनच. चाकं करकरली. जीप त्यांच्यापासून बरीच अलीकडे थांबली. मुलगा खाली उतरला. धावतच आला. "अब्बा," तो म्हणाला, "अब्बा, लागलं नाही ना?" आणि बापाच्या छातीला बिलगला.

मांबेतालींनी काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"बघ," अनारकुल दिराला म्हणाली, हळू, जणू शिवणीचं माप सांगावं तसं. "गाडी थांबवता येते."

मग ती मैदानाकडे वळली. गाद्या गोळा करायच्या होत्या, आणि तालीम उभी राहीपर्यंत त्या रस्त्यापलीकडेच न्यायच्या होत्या.