पीएचपीवाले काका

कुणी प्रोग्रामिंगच्या नव्या भाषेचं कौतुक सुरू केलं की काका चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, “ती सगळं करील रं, पन बंद पडली तर कळनार कुनाला?”

शिळफाट्यावर आमचं वेबसाइट बनवणारं चार माणसांचं ऑफिस. गिऱ्हाइकं म्हणजे कर्जतची फार्महाऊसं आणि माथेरानची हॉटेलं. काका खालापूरकडचे, भातशेती सांभाळून पीएचपी या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहिणारे. लावणीला ते रजा मागत नसत, कळवत.

माथेरानच्या एका हॉटेलचं बुकिंगचं काम आलं, तेव्हा ते कुठल्या भाषेत करायचं यावर साहेबांनी तीन दिवस बैठक घेतली. पीएचपी, पायथन, जावास्क्रिप्ट. वेग, सुरक्षा, भविष्य. भविष्याच्या रकान्यात पीएचपीला शून्य. अशा बैठका तुम्हीही पाहिल्या असतील. निर्णय आधी होतो, तक्ता नंतर. साहेबांनी नुकताच जावास्क्रिप्टचा कोर्स केला होता, म्हणून ती जिंकली. काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा कच्च्या नोकरीवर होतो.

“राग नाही आला, काका?”

“कशाचा रं? हॉटेलवाल्याला खोली कुनाला द्यायची ते कळलं, झालं.”

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, “वर माथेरानला नेट गेल्यावर काय व्हतं, बघ की जरा.”

“काका, ही पीएचपी नाही,” मी म्हणालो. ते हसले आणि चहाला गेले.

दोन वर्षं बुकिंग बिनतक्रार चाललं. साहेब प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते दाखवत. मी शेजारी ताठ उभा.

काका गेले ते शेताच्या बांधावर, झटक्याने. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला.

“काकांना द्या. दोन दिस फोन नाय त्यांचा. हितं तीन कुटुंबं दारात हायत, नि माझ्याकडं एक बी नाव नाय.”

“नावं तुमच्या स्क्रीनवर आपोआप येतात.”

“कंदी? नेट गेलं का येतच नाय. काकाच फोन करून सांगत्यात, पयल्यापासून.”

मी सर्व्हर उघडला. वर नेट नसताना आलेलं प्रत्येक बुकिंग माझ्या प्रोग्रामने टाकून दिलं होतं. अशा प्रत्येक चुकीची खबर देणारी मेल, पाहुण्याच्या नावासकट, एकाच पत्त्यावर जात होती, काकांच्या. माझी नोकरी दोन वर्षं त्यांच्या फोनवर चालली होती. साहेब मागे उभे राहून सगळं वाचत होते.

“काका वारले,” मी फोनवर म्हणालो.

पलीकडून वहीचा कागद फाडल्याचा आवाज आला.

“सांगा नावं,” मॅनेजर म्हणाला.

साहेबांच्या देखत मी पहिलं नाव वाचलं.