साडूभाऊंची ऊर्जारेषा

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून मला आमच्या साडूंइतकं चारचौघांत ओशाळायला कुणी लावलं नसेल, आणि त्यांच्याइतका जीवही कुणी लावला नसेल. सांगलीच्या बाजारात त्यांची हळदीची अडत. माणूस व्यवहाराला पक्का. पण मोबाइलवर कुणा फेंगशुईवाल्याची भाषणं ऐकता ऐकता त्यांच्या मनानं घेतलं, की जमिनीखालून ऊर्जेच्या रेषा धावतात आणि माणसाचं बरंवाईट त्यांच्यावरच ठरतं. तेव्हापासून काटकोनात वाकवलेल्या दोन तांब्याच्या सळ्या त्यांच्या पिशवीत आल्या. त्या मुठींत सैल धरून ते कुणाच्याही घरात संथपणे चालत सुटत. सळ्या एकमेकींवर आल्या, की खाली वाईट रेषा. मग तिथलं कपाट हलायचं, पलंग फिरायचा. साताऱ्याला आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला फ्रिज हॉलमध्ये आणवला. बायको कुरकुरली, "दाजी, कोथिंबीर आणायला मी पाहुण्यांच्या मधून जाऊ का?" तर म्हणाले, "जायाचं की! माणूस फिरल्याबिगार ऊर्जा फिरत न्हाई."

घरातलं घरात चाललं असतं. पण माझ्या मुलीचं लग्न ठरवायला आम्ही पलूसला गेलो, तेव्हा मोठे म्हणून तेही बरोबर. पोहे झाले, चहा आला, आणि साडू सळ्या काढून उठले. मी डोळ्यांनी खुणावलं, त्यांनी मलाच धीर दिल्यासारखी मान हलवली. हॉलभर फिरून ते नेमके मुलाच्या आजोबांसमोर थांबले. सळ्या जुळल्या. "आवं, आजोबास्नी जरा बाजूला बशिवता का? लय वंगाळ जागा हाय ही." आजोबा नव्वदीच्या घरातले. ते म्हणाले, "हितंच बसून एवढा म्हातारा झालो की रं मी!" सगळे हसले, साडू सगळ्यांत मोठ्यानं. मला मात्र कपातून तोंड वर काढवेना. लग्न जमलं हे माझं नशीब.

त्यांची धाकटी बहीण मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा गेल्यावर तिनं सांगलीत घर घ्यायचं ठरवलं. दोन जागा पसंत पडल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या जागेत, ऐन स्वयंपाकघरात, सळ्या जुळल्या. नदीच्या अंगाच्या तळमजल्यावर एकदाही जुळल्या नाहीत, शिवाय दारात उभं राहिलं की कृष्णा दिसायची. साडू हरखून गेले. "म्होरं पाणी म्हंजे लक्ष्मी. डोळं झाकून घे."

"दादा, पण पूर आला तर?"

"मी हाय न्हवं!"

तिनं घर घेतलं. पुढच्याच पावसाळ्यात कृष्णा थेट घरात आली. छातीएवढं पाणी. वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आसऱ्याला गेलेल्या बहिणीला होडीत उतरवून बाहेर काढावं लागलं.

पाणी ओसरल्यावर मी आणि बायको मदतीला गेलो. साडू आधीच आलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फावड्यानं गाळ ओढत होते. आमच्याकडे त्यांनी वर पाहिलंही नाही. समोरची बाई दारातून बहिणीला म्हणाली, "कुणी सांगितलं होतं हो तुमाला हितं घर घ्यायला?"

"कुणी न्हाई," बहीण पटकन म्हणाली. "मलाच नदी आवडती."

फावडं थांबलं. साडूंनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं त्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "ती खोटं बोलतीय. मी सांगितलं. माझ्या नादानं बुडाली ती." मोठा अडत्या माणूस, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता. बहिणीनं त्यांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि म्हणाली, "दादा, आधी दोन घास खाऊन घे."

आता ती त्यांच्याच घरी राहते. रोज सकाळी ते तिला स्कूटरवरून मिरजेला सोडतात आणि ती दवाखान्यात दिसेनाशी होईपर्यंत दारात थांबतात. आता कुणाच्याही घरी गेले तरी सांगितल्या जागी अंग चोरून बसतात, चहा पितात, निघतात. मी सुटलो असं मला वाटायला हवं. पण वाटत नाही.

"वाटेत काय बोलतात गं?" मी एकदा बहिणीला विचारलं.

"कायबी न्हाई," ती म्हणाली. "पर खड्डा आला की आधी सांगतो, धरून बस म्हणून."