झोयाची खोली पसंत करताना

रोह्याच्या मोहल्ल्यात हुस्नबानोचं घर म्हणजे खाली तीन खोल्या, वर दोन, आणि राहणारी माणसं तीन. नवरा महमूद बावीस वर्षं कुवेतला बेकरीत राबला आणि इकडे हे घर तिनं एकटीनं उभं केलं. गवंड्याशी भांडली, लाद्या बघायला पेणच्या चार खेपा घातल्या, वाळूचा ट्रक पसंत नाही म्हणून दारातून परत पाठवला. भल्याभल्यांना तिनं वठणीवर आणलं. पण कायमचा घरी आलेल्या नवऱ्यापुढे मात्र या जुलैत ती पुरती टेकीला आली.

झालं होतं असं. लेकीला, झोयाला, आयर्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत एमएस्सीला प्रवेश मिळाला. सगळं जमलं, राहिली फक्त राहायची खोली. युनिव्हर्सिटीनं तिच्यासाठी हॉस्टेलमध्ये एक जागा धरून ठेवली होती, ती शुक्रवारपर्यंतच. त्यानंतर दुसऱ्याला. तिथला पत्ता नाही तर व्हिसाचा अर्ज नाही, अर्ज नाही तर सप्टेंबर हुकला. आणि सप्टेंबर हुकला की नणंदेनं आणलेलं मुरूडचं स्थळ दारात उभंच, मुलगा दुबईला. हुस्नबानोलाही बारावीनंतर असंच परदेशात नोकरी असलेल्या मुलाचं स्थळ आलं होतं. कॉलेज राहिलं ते राहिलंच. झोयाचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं कधीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

रोज दुपारी जेवणं झाली की झोया फोनवर खोल्या दाखवायची. महमूद चष्मा लावून नीट बघायचा आणि मोडता घालायचा.

पहिली खोली एका बाईच्या घरातली, जेवणही तिच्याकडेच. "दुसऱ्याच्या घरात वर्षभर चोरासारखं पाय वाजू न देता फिरायचं? नको."

दुसरी पनवेलच्या दोन मुली भाड्यानं घेणार होत्या त्या घरातली. हुस्नबानोला ही फार आवडली. आपल्याकडच्या पोरी, आपलं कालवण, ताप आला तर डोक्यावर पट्टी ठेवायला कुणीतरी. पण महमूदनं विचारलं, "एका खोलीत किती?" दोघी, असं झोया म्हणाली आणि तीही बाद झाली.

तिसरी हॉस्टेलमधली. फोटोत टेबल, खिडकी, पांढऱ्या चादरीचा पलंग. आता तरी हा माणूस हो म्हणेल असं हुस्नबानोला वाटलं. "फोटोतला पलंग रिकामाच असतो," महमूद म्हणाला आणि त्यानं चष्मा काढून ठेवला. मग एकामागून एक फाटे. संडास किती जणींत एक? धुतलेले कपडे कुठं वाळत घालायचे? डब्यातलं कोण खाऊन गेलं तर विचारायचं कुणाला?

हुस्नबानोच्या अंगाची लाही लाही झाली. "सरळ सांगा ना, पोरीला पाठवायचं नाय म्हणून. मुरूडवाल्यांना शब्द दिलाय काय?"

महमूद उठून पाणी प्यायला गेला. काही न सांगायची त्याची सवय जुनी. फोनवर कुवेतची खोली कशी आहे विचारलं की बावीस वर्षं एकच उत्तर, बेस हाय.

शुक्रवारी झोयानं शेवटचा उपाय काढला. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेल ऑफिसातल्या बाईंशी तिनं व्हिडिओ कॉल ठरवला. आपल्याकडे दुपारचे साडेतीन, तिकडे सकाळचे अकरा. "अब्बा, जे विचारायचंय ते हिलाच विचारा," असं म्हणून तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

महमूद खुर्चीत ताठ बसला. कुवेतमध्ये शिकलेल्या इंग्रजीत त्यानं विचारलं, एका पलंगावर माणूस एकच ना? एकच, बाई म्हणाल्या. दिवसापण एकच? बाईंना प्रश्न कळला नाही. झोया लाजून अर्धी झाली. महमूदनं हातवारे करून पुन्हा समजावलं. माझी मुलगी सकाळी कॉलेजला गेली, की रात्रपाळीवाली कुणी येऊन त्याच पलंगावर झोपणार नाही ना?

आता बाईंना कळलं. मग हळू आणि स्पष्ट म्हणाल्या, नाही सर. पलंग चोवीस तास तिचाच. दाराची किल्लीसुद्धा तिच्याकडेच राहील.

"थँक्यू मॅडम," महमूद म्हणाला. "मग ठीक हाय झोया, हीच घे."

फोन बंद झाला. हुस्नबानो दाराला टेकून उभी होती. "म्हणजे तुमी तिथं…"

"अकरा वर्षं. पहाटे चारला मी बेकरीत जायचो, मग एक केरळचा मलबारी रात्रपाळीवरून त्याच पलंगावर झोपायला यायचा. संध्याकाळी मी येईपर्यंत तो निघून जायचा. गादी गरमच असायची."

"नाव काय त्याचं?"

महमूदनं आठवून पाहिलं. "सगळे मलबारीच म्हणायचे."

हुस्नबानोनं वर जिन्याकडे पाहिलं. त्याच वर्षांत तिनं वरच्या दोन खोल्या बांधायला लावल्या होत्या. पाहुण्यांना वेगळी खोली नको काय, म्हणून फोनवर रुसून बसली होती, आणि हा माणूस तिकडून बरं म्हणाला होता. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याचा भयंकर रागही आला. एका शब्दानं सांगितलं असतं तर एक वीटही चढवली नसती तिनं.

झोयानं विचारलं, "अम्मी, बाथरूम बाहेर असलेली घेऊ की आत असलेली? आतली महाग हाय."

"आतली घे. रांगेत उभं राहायचं नाय." ती म्हणाली. "आणि मुरूडवाल्यांना काय सांगायचं ते मी सांगते."

"त्यांना मी बकरी ईदलाच नाय म्हणून कळवलंय," महमूद म्हणाला. "पोरगी शिकायला जाते म्हटलं. तुला सांगायचं राहिलं."

झोयानं फोनवर बटण दाबलं. खोली पक्की झाल्याचं पत्र आलं, तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हुस्नबानोनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसली.

"अजून काय काय सांगायचं राहिलंय," ती म्हणाली, "ते आता सगळं सांगा. मी कुठं जात नाय."