मिलिंदची दोन उत्तरं

फोन वंदनावहिनींचा होता आणि मी तो हसतच उचलला, कारण मिलिंद स्वतःचा फोन विसरला की त्यांच्या फोनवरून बोलायचा... "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी माझ्यासमोर बसून भेंडीची भाजी खाल्लेला माणूस संध्याकाळी बरकतपुऱ्यातल्या घराचा जिना चढताना कोसळला होता. त्याला आता सहा आठवडे झाले.

आम्ही दोघं एकाच संस्थेत, उपग्रहांना अवकाशातल्या भंगारापासून वाचवायचं गणित करणारे. एखादा तुकडा उपग्रहाच्या जवळून जाणार असा इशारा आला, की उपग्रह हलवायचा की नाही ते ठरवायचं. हलवला तर इंधन जळतं, म्हणजे त्याचं आयुष्यच कमी होतं; आणि बहुतेक वेळा पुढचं मोजमाप आलं की धोका निवळलेला असतो. म्हणून आमच्याकडे घाई करणाऱ्याला हसतात. मिलिंदची मात्र एक खोड होती. तेच गणित तो दोघांना वेगवेगळं करायला द्यायचा, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता. "बघून लिहिलं तर ते एकच उत्तर झालं ना यार! दोघांचं आपापलं जुळू दे, मग मी चहाला मोकळा." मी भडकायचो, "लेका, परीक्षा घेतोस काय आमची?" तो नुसता "हौ" म्हणून हसायचा. काय राग यायचा त्या हसण्याचा! आता इशारा वाजला की तेच हसू मागून ऐकू येतं आणि मी खरोखरच वळून बघतो. त्याची खुर्ची अजून कुणी हलवलेली नाही, सगळे वळसा घालून जातात.

त्या दुपारी डबा खाताना तो म्हणाला होता, "छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय. काय करू?" मी मोठा शहाणा! म्हणालो, "पहिलाच इशारा आहे, पुढचं मोजमाप येऊ दे. उद्या बघू." दोघंही हसलो. त्यानं डबा बंद केला, म्हणाला, "ठीक आहे मग, उद्या." ...हिमायतनगरच्या रस्त्यावर चालताना, दात घासताना, कुठंही, हे "उद्या" माझ्या कानात वाजत राहतं. बायकोलासुद्धा मी हे सांगू शकलो नव्हतो.

गेल्या शनिवारी बरकतपुऱ्याला जाऊन वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला शिव्या घालाव्यात अशी फार इच्छा होती. पण त्या म्हणाल्या, "सकाळी त्यांनी मलापण विचारलं होतं, भाऊजी. मी म्हटलं, पित्त असेल, उद्या दाखवू. तुम्हाला विचारल्याचं मला माहीतच नव्हतं."

त्यानं दोघांना वेगवेगळं विचारलं होतं. आमचं उत्तर जुळलं होतं, आणि म्हणून तो निर्धास्त झाला होता. आम्ही दोघंही एकमेकांसमोर मोठ्यानं रडलो, लाज न बाळगता.

डोळे पुसून वहिनींनी विचारलं, "तुम्ही कधी तपासून घेतलंत?"

"मला काय धाड भरलीय?"

त्यांनी चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि मला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, "तकलीफ क्या है?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "कुछ नहीं होरा साब. फिर भी देखो."