साखरदाणी कुणी नेली?

पन्नाशी उलटल्यावर काकूंनी रहस्यकथा लिहायचा चंग बांधला, तेव्हा नवरा खुर्चीला वेत विणत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "खून कुणाचा करणार आहेस?"

"खून नाही. रक्ताचे डाग कोण पुसत बसणार? नुसती चोरी. आपल्याच दुकानात."

दुकान जुन्या वस्तूंचं. लोकांच्या घरांतून निघालेले दिवे, कपबश्या, झाकण हरवलेल्या पेट्या. काकू गिऱ्हाईक सांभाळत, नवरा मागच्या खोलीत डागडुजी करी, आणि वस्तू मांडायचं काम नणंदबाईंचं. नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. दुकानातच वाढली, दुकानातच केस पिकले. बाई फटकळ, पण काकूंवर जीव. लिहिलेलं पान दुपारच्या चहाबरोबर आधी त्या वाचायच्या आणि म्हणायच्या, "हं, पुढं?" त्या "पुढं?"च्या जोरावर तर कादंबरी शेवटापर्यंत आली होती.

गोष्टीत कुलूपबंद काचेच्या कपाटातून निळी साखरदाणी नाहीशी होते आणि दुकानाची मालकीण चोराचा माग काढते. पण घोडं अडलं ते चोरापाशी. काकूंना थापा खपत नसत. लिहिलेली प्रत्येक हालचाल त्या दुकानात करून बघत. शेजारच्या शिंप्याला चोर करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याला शिंपी बनवून कपाटापुढं उभं केलं. त्यानं किल्ली फिरवून दार ओढलं मात्र, आतली चिनी माती अशी खणाणली की रस्त्यावरचा माणूस थबकून आत डोकावला.

ते दार गुडघ्यानं जरा वर उचलावं लागतं. काकूंच्या गुडघ्याला त्याची इतकी सवय की आपण असं काही करतो हेच त्या विसरल्या होत्या. गुपचूप उघडणं काकू आणि नणंदबाई या दोघींनाच जमायचं. गोष्टीतली मालकीण तर शोध लावणारी. मग राहिली कोण? मालकिणीची नणंद.

काकूंनी नवऱ्याला अडचण सांगितली.

"गोष्टीतलं दार दुरुस्त करून टाक," नवरा म्हणाला. "कागदावर सुतारही लागत नाही."

"आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकू?" काकू उखडल्या. "ते व्हायचं नाही."

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. वन्सं दुखावल्या तर चहाची ती दुपार गेली, आणि चोर बदलला तर पुस्तक गेलं. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि लिहिलं. साखरदाणी नणंदेनं नेली, विकून पैसे करायला. पानं चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि स्वतः उगाचच एक स्वच्छ दिवा पुसत उभ्या राहिल्या.

नणंदबाईंनी वाचलं. चष्मा काढला. चहावर साय धरली तरी त्यांचं "पुढं?" काही येईना.

"वन्सं, रागावलात?"

"चोर केलंस, ठीक आहे. दार तसंच आहे, कुणाला तरी व्हावंच लागणार." त्यांनी पानावर बोट आपटलं. "पण पैशासाठी? मी? शोभतं का मला?"

काकूंना हसू येऊ पाहत होतं. "मग तुम्ही कशासाठी नेली असती?"

नणंदबाई कपाटाकडं बघत राहिल्या. "वडिलांनी एक शिस्त लावली होती. जी वस्तू मनात भरेल, ती रस्त्याकडच्या काचेत पुढं मांडायची. आपल्याला आवडली म्हणजे गिऱ्हाइकालाही आवडणार. आणि खरंच, माझं आवडलेलं सगळं गेलं. झटकन गेलं. घरी नेऊन साखर ठेवायला नेली असती गं. रोज सकाळी हातात घ्यायला. दुसरं काही नाही."

काकूंच्या हातातला दिवा तसाच राहिला. वन्संची नजर म्हणजे दुकानाचं नशीब, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत आल्या होत्या. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"तिला सोडून देते मी," त्या म्हणाल्या. "सापडायला नको ती."

"खबरदार!" नणंदबाई कडाडल्या. "इतके महिने मला वाचायला लावलंस आणि आता चोराला मागच्या दारानं पळवतेस? सापडलीच पाहिजे. फक्त..." त्यांचा आवाज खाली आला. "सापडल्यावर तिला कुणीतरी विचारू दे, का नेलीस म्हणून. नीट बसून विचारू दे."

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केलं. काकूंनी आतूनच हातानं खूण केली, नंतर या. पैशासाठी चोरी लिहिलेली ती शेवटची पानं त्यांनी फाडली. कोरा कागद पुढं ओढला आणि नणंदबाईंसमोर मांडी ठोकून बसल्या.

"सांगा वन्सं. पहिली वस्तू कुठली?"

"आरसा होता एक," नणंदबाई म्हणाल्या. "तळहाताएवढा. मागं पानं कोरलेली. मी तेव्हा शाळेत होते. सकाळी मीच काचेत मांडला आणि शाळेतून पळत आले, तर जागा रिकामी."

"मग?"

"मग काय? वडील म्हणाले, शाबास पोरी."

काकूंनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. "हं," त्या म्हणाल्या, "पुढची?"